तांडेलाच्या पेटीत एकसष्ट पत्रं

यादी गप्प होऊन नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवस रुक्मिणी मयेकर कोणाला न सांगता रुसून बसली होती.

यादी म्हणजे मेलची यादी. तिच्या एका पत्त्यावर कोणी पत्र टाकलं की ते यादीतल्या दोनशे बारा जणांच्या मेलमध्ये जाऊन पडायचं. हे दोनशे बारा जण म्हणजे मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडचे जहाजावर नोकरी करणारे लोक. कोणी इंजिनात, कोणी डेकवर, कोणी भटारखान्यात. आता घरोघरी व्हॉट्सअ‍ॅप झालं तरी जहाजावर ते कधी चालतं, कधी चालत नाही. कंपनीप्रमाणे आणि कॅप्टनच्या मर्जीप्रमाणे. साधा मेल मात्र बहुतेक जहाजांवर मिळतो. म्हणून ही यादी वीस वर्षं टिकली होती. तिचं नाव 'तांडेल'. नाव असं का, तर होडीवर ज्याच्या शब्दाने सगळं चालतं तो तांडेल, आणि सुरुवातीच्या सात सभासदांना यापेक्षा बरं नाव सुचलं नव्हतं.

यादी चालवायची रुक्मिणी. तिला सगळे अक्का म्हणत, वयाने मोठे असलेलेसुद्धा.

अक्का एकवीस वर्षांची असताना मालवणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागली. कानावर हेडफोन, पुढे भोकांची फळी, हातात दोऱ्या. मुंबईला ट्रंक कॉल जोडायचा म्हणजे अर्धा मालवण तिच्या कानातून जायचा. कोणाचं लग्न मोडतंय, कोण कोणाच्या जमिनीवर डोळा ठेवून आहे, कोणाच्या पोराला कुठल्या विषयात भोपळा मिळाला, सगळं तिला आधी कळायचं. पण ऐकलेलं सगळं फळीजवळच ठेवून ती घरी यायची. एकदा तिच्या सख्ख्या मावशीने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशे, माझे कान सरकारचे. तोंड तेवढा माझा." पुढे फळी गेली, दोऱ्या गेल्या, आपोआप लागणारे फोन आले, आणि अक्का खात्याच्या कॉम्प्युटर विभागात गेली. तिथे तिने पुस्तकं वाचून, मशीनं बिघडवून आणि परत नीट करून जे शिकायचं ते शिकून घेतलं. लग्न केलं नाही. आई लवकर गेली म्हणून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या भावाला, अजयला, तिनेच वाढवलं. अजय जहाजावर मोटरमन म्हणून, म्हणजे इंजिनाच्या देखभालीच्या कामाला, गेला तेव्हा त्याच्या पत्रांसाठी म्हणून ही यादी सुरू झाली. आधी अक्का एकाचं पत्र स्वतः सहा जणांना पाठवायची. माणसं वाढल्यावर तिने ते काम यादीच्या सॉफ्टवेअरला लावून दिलं आणि आपण देखरेखीला बसली.

देखरेख कडक होती. रुसण्याचं कारणही तेच. नऊ दिवसांपूर्वी कोणीतरी सिंगापुरातून आपल्या जेवणाच्या ताटाचे अकरा फोटो यादीवर टाकले. जहाजावरच्या बारीक लाइनीवर ते उतरायला कोणाकोणाला अर्धा दिवस लागला. अक्काने यादीवर लिहिलं: "फोटो पाठवायचा असेल तर एकच पाठवावा आणि तोही लहान करून. ताटातली कोलंबी मोजायला आम्ही बसलेलो नाही." त्यानंतर यादीवर एक अक्षर आलं नाही.

पहिले दोन दिवस तिला वाटलं, बरं झालं, वचक बसला. चौथ्या दिवशी वाटलं, जरा जास्तच बसला. सातव्या दिवशी तिने माफीचं पत्र लिहायला घेतलं, "कोलंबीबद्दल" एवढा विषय लिहिला आणि सगळं पुसून टाकलं. तिचं काय चुकलं होतं? कोलंबी दिसायला सुरेख होती हे तिनेही मान्य केलं असतं, कोणी विचारलं असतं तर.

नवव्या दिवशी सकाळी शर्मिला मागच्या दाराने आली. शर्मिला म्हणजे अजयची बायको. एकाच आवारात दोन घरं, मध्ये सुपारीच्या चार झाडांची सरहद्द.

"अक्का, ह्यांका काय लिवलास तुमी?" शर्मिलाने दारातूनच विचारलं. "काल फोन इलो होतो. आवाज भरान इलो त्यांचो. म्हणतत, अक्कान असा पत्र जल्मात कधी लिवक नाय."

"मी?" अक्का चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाली. "मी कायएक लिवक नाय. पंधरा दिवस झाले, तेका पत्र नाय माझा."

"असा कसा? त्यांनी यादीर पत्र टाकल्यानी, तेचा उत्तर इला यादीच्या पत्त्यावरसून. खाली सही 'तांडेल'. यादी तुमची, मगे लिवतला कोण?"

अक्काने मनात हिशेब मांडला. अजयने यादीवर पत्र टाकलं होतं? मग ते तिला का आलं नाही? दोनशे बारा जणांत ती स्वतःही होती.

शर्मिला गेल्यावर अक्काचा रुसवा एका क्षणात उतरला. कोणी रुसलं नव्हतं. लाइन तुटली होती. जवळजवळ चाळीस वर्षांच्या नोकरीत तिला ज्या एका गोष्टीने हुरूप यायचा ती हीच. पदर खोचून ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि यादीच्या पत्त्यावर एक मेल टाकला. विषय: चाचणी एक.

मेल गेला. परत आला नाही. "असा पत्ता नाही" म्हणून बोंबही आली नाही. यादीच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकावून बघितलं, तर तिथेही काही पोचलेलं नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये तसं झालं.

मेल सर्व्हरचं काम यज्ञेशकडे होतं. यज्ञेश परब, वय पंचेचाळीस, कसालला हायवेच्या कडेला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. काजूच्या कारखान्यांच्या वेबसाइट, शाळांचे प्रिंटर आणि खलाशांच्या दर्यावर्दी मंडळाचे मेल, हे सगळं तोच बघायचा. यादी मंडळाच्याच सर्व्हरवर होती. दिवाळीनंतर त्याने जुन्या सर्व्हरवरचं सगळं बिऱ्हाड नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. आलेलं पत्र आधी त्याच्या मेल सर्व्हरने घ्यायचं आणि मग शेजारी बसलेल्या अक्काच्या यादीच्या सॉफ्टवेअरच्या हातात द्यायचं, अशी कामाची वाटणी.

"माझ्या बाजून सगळा बरोबर आसा, अक्का," यज्ञेश फोनवर म्हणाला. "मेल येता, सर्व्हर घेता, फुडे देता. लॉगमध्ये 'सेंट' म्हणान लिवलेला आसा. तुमच्या सॉफ्टवेअरचा बघा काय ता."

"माझ्या बाजून काय इलाच नाय तर मी बघू काय?"

"मगे मधीच खंयतरी…"

"मधी कोण रवता रे? मधी तूच मां?"

यज्ञेशने दुकानात गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला. अक्काला त्याचा राग आला नाही. मालवणची लाइन तुटली की मालवणने कणकवलीकडे बोट दाखवायचं आणि कणकवलीने मालवणकडे, हा खेळ तिने नोकरीभर खेळला होता, आणि बऱ्याच वेळा जिंकलाही होता.

मग तिने एकेक करून तपासायला घेतलं. यादीचं सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं. चाचणी दोन. काही नाही. नव्या सर्व्हरवर मेल सर्व्हर भलत्याच नावाने दार ठोठावत असेल आणि सॉफ्टवेअर ओळख पटत नाही म्हणून दार उघडत नसेल, अशी शंका आली. जुन्या सर्व्हरवर एकदा तसं झालं होतं. तिने परवानग्या बदलल्या. चाचणी पाच. काही नाही. उलट परवानग्या बदलण्याच्या नादात सभासदांची नावं दाखवणारं पान बंद पडलं, ते पूर्ववत करायला तास गेला. मग कचरा मेल अडवणाऱ्या चाळणीवर संशय घेतला आणि चाळणी बाजूला काढली. चाचणी नऊ, दहा, अकरा. दुपारी एकच्या सुमारास शर्मिला तिसऱ्यांदा जेवायला बोलावून गेली. अक्काने ताट तिथेच मागवलं आणि डाव्या हाताने चाचणी चौदा पाठवली.

चार वाजता चाचणी एकोणीस गेली. अक्का खुर्चीत मागे रेलली. डोळे चुरचुरत होते. एवढ्यात मेल आल्याची खूण वाजली.

पाठवणाऱ्याचा पत्ता: यादीचा. आत लिहिलेलं:

"एकोणीसच्या एकोणीस चाचण्यो मिळाल्यो. तुज्या शाळेत परीक्षा आसा काय? इतक्या चाचण्यांनी पोरांका ताप येतलो. तू जेवलंस? — तांडेल."

अक्काने ते तीनदा वाचलं. तिने सॉफ्टवेअरला बरंच काही शिकवलं होतं. "आपले पत्र मिळाले" असं ते म्हणायचं, "आपले पत्र फार मोठे आहे" असंही म्हणायचं. पण "तू जेवलंस?" हे तिने त्याला कधी शिकवलं नव्हतं. आणि सॉफ्टवेअर मालवणीत बोलत नव्हतं, याबद्दल तर ती पैजेवर जायला तयार होती.

म्हणजे यादीच्या आत कोणीतरी माणूस बसला होता.

तिने यज्ञेशला फोन लावला आणि लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, मागवला. सारांश नको, गेल्या तीन महिन्यांच्या ओळीन् ओळी. मग चष्मा पुसून ती पूर्वी ट्रंक कॉलच्या चिठ्ठ्या वाचायची तशी एकेक ओळ बोट ठेवून वाचू लागली. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सेंट' होतंच. यज्ञेश खोटं बोलत नव्हता. पण 'सेंट'च्या पुढे कंसात आणखी चार शब्द होते, आणि ते वाचायचा कंटाळा त्याने केला होता. नऊ दिवसांपूर्वीपर्यंतच्या ओळींत लिहिलं होतं की पत्र यादीच्या प्रोग्रामच्या हवाली केलं. गेल्या नऊ दिवसांच्या ओळींत लिहिलं होतं की पत्र पेटीत टाकलं.

पेटीत. कोणाच्या पेटीत?

"यज्ञेश," ती फोनवर हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोलली की लोक सावध होत. "धा-बारा दिवसांत 'तांडेल' नावाची पेटी कोणाक उघडून दिलंस?"

पलीकडे कीबोर्डची खडखड ऐकू आली.

"अरे द्येवा," यज्ञेश म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. मंडळाने ठरवलं होतं की निवृत्त खलाशांना पेन्शनच्या कागदपत्रांसाठी मेलचा पत्ता काढून द्यायचा. कुणकेश्वरहून एका म्हाताऱ्यांचा फोन आला. नाव काय घालू, असं यज्ञेशने विचारलं. ते म्हणाले, तांडेल. कोण तांडेल, असं विचारलं. ते म्हणाले, तांडेल म्हणजे तांडेल. यज्ञेशने तेच घातलं. कॉम्प्युटरने हरकत घेतली नाही, कारण त्या नावाची पेटी आधी नव्हतीच. यादीची नोंद वेगळ्या ठिकाणी होती. आणि नवा सर्व्हर पत्र आलं की आधी पेट्या बघायचा, पेटी नसली तरच याद्यांकडे वळायचा. जुना सर्व्हर उलट बघायचा.

"मगे आता काय करूया, अक्का? ती पेटी उडवतंय मी. दोन मिनटांचा काम."

"हात लावशीत तर बघ," अक्का म्हणाली. "माणसाची पेटी आसा ती. तेका इचारल्याबिगर?"

"मगे निदान उघडून बघा, आत काय काय आसा ता. पासवर्ड आसा माझ्याकडे."

अक्काने पासवर्ड घेतला नाही. त्या म्हाताऱ्यांचा, गणपत तांडेलांचा, नंबर तेवढा मागून घेतला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती निघाली. आचरा, मुणगे, मिठबाव करत कुणकेश्वरला उतरेपर्यंत साडेदहा झाले. तांडेलांचं घर देवळापासून फर्लांगभर, समुद्राकडे तोंड करून. ओट्यावर एक लांब, वाळका म्हातारा आरामखुर्चीत बसून मांडीवरच्या टॅबलेटवर वाकला होता. शेजारी वेताच्या मोड्यावर त्यांची बायको राधाबाई वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

"मी मालवणसून इलंय," अक्काने सांगितलं. "रुक्मिणी मयेकर. काल तुमका एकोणीस चाचण्यो धाडलंय ती मीच."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघितलं. "मास्तरीण काय गो तू?"

"नाय, काकानू. टेलिफोनात होतंय."

"मगे चाचण्यो कित्याक?"

अक्का ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. यादी म्हणजे काय, नाव एकच कसं पडलं, पत्रं भलतीकडे कशी वळली. वाटभर एसटीत ती हीच वाक्यं घोळवत आली होती. म्हाताऱ्या माणसाला आयुष्याच्या शेवटी ढीगभर पत्रं यायला लागावीत आणि कोणीतरी येऊन सांगावं की ती तुझी नव्हेत, हे कसं सांगायचं? मिठबावला तर तिला वाटलं होतं की उतरून परत फिरावं.

गणपतराव शांतपणे ऐकत होते. ते अठ्ठावीस वर्षं बोटींवर सारंग होते, डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. ऐकून झाल्यावर म्हणाले, "माका म्हायत होता."

"काय म्हायत होता?"

"पत्रा माझी न्हय ता. पयल्याच पत्रात लिवलेला, 'प्रिय मंडळी'. मी एकटो मंडळी कसो होयन? घरात आमी दोघा. राधाबायक धरून मंडळी म्हटला तरी कोण आमका रॉटरडॅमसून पत्र लिवतलो?"

"मगे उत्तरा कित्याक दिलास?"

"दुसरा कोण देताना दिसाक नाय म्हणान," गणपतराव म्हणाले, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "बोटीवरसून माणूस हाक मारता. किनाऱ्यार मी एकटोच उभो. ती माझ्यासाठी न्हय म्हणान तोंड फिरवून घराक जाव?"

राधाबाई शेंग सोलता सोलता हसल्या. "ते बोलतत आणि ह्या मशीन लिवता," त्या टॅबलेटकडे मान करून म्हणाल्या. "पण ह्येका आपली भाषा खंय येता? एका पोराक ह्यांनी सांगल्यानी, 'आई वाट बघता, आवशीक फोन कर', ह्येना लिवल्यान, 'औषधी फोन कर'. ता तसाच गेला. थयसून तो पोर इचारता, काका, खंयचा औषध? तेव्हापासून मी वाचून बघतंय नि मगेच धाडूक देतंय."

"तेना आवशीक फोन केल्यान मां?" गणपतराव म्हणाले. "झाला तर."

आता अक्काला अडचण पडली. तिला आलेली पत्रं बघायची होती आणि बघायची नव्हती. गणपतरावांनी टॅबलेट पुढे केला तर तिने हात मागे घेतले.

"एक्स्चेंजमदी होतंस मां? मगे वाचू नको. मी वाचतंय, तू आयक. आयकाक तर जल्मभर पगार घेतलंस," गणपतराव म्हणाले.

हे तिला पटलं. शिवाय पत्रं लिहिली गेली होती ती यादीला, आणि यादीत तीही होतीच.

गणपतरावांच्या उत्तरांना आलेली उत्तरं सोडली तर एकूण एकसष्ट पत्रं. त्यांतल्या एकोणीस तिच्या चाचण्या. उरली बेचाळीस. गणपतरावांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. आणि पहिली तीन पत्रं ऐकून होईपर्यंत अक्काचे कान लाल झाले, कारण बेचाळीसांतली अकरा पत्रं तिच्याबद्दलच होती.

"'अक्कांनी कोलंबीवरून जे सुनावलं ते योग्य नाही,'" गणपतराव वाचत होते. "'माणूस सहा महिने घराबाहेर आहे, त्याने ताट दाखवलं तर काय बिघडलं? अक्का म्हणजे हेडमास्तर झाल्या आहेत.' खाली लिवलेला आसा, कुबल. अक्का म्हणजे तूच काय गो?"

"मीच."

"मगे बरा झाला, समोर सापडलंस." ते गंभीरपणे पुढे म्हणाले, "ह्येका मी उत्तर दिलंय. ती बाई कोण ती माका म्हायत नाय, पण अकरा फोटो जास्तीच जातत. एक धाड, आणि कोलंबीची चव कशी होती ता लिव. चवीक लाइन लागणा नाय."

"मगे?"

"मगे तेना तीन पानां लिवल्यान कोलंबीर. वाचूचा आसा?"

अक्काला हसू आलं, आणि ते दाबता येईना. राधाबाईही हसल्या. त्या हसण्यात अक्काच्या मनातला नऊ दिवसांचा उरलासुरला गाळ निघून गेला.

अजयचं पत्र सव्विसावं होतं. सहा ओळींचं. 'हल्ली इंजिनरूमची शिडी उतरायची म्हटलं की पाय नको म्हणतात. बहुतेक पायांनी माझ्याआधीच निवृत्ती घेतलेली दिसते. कोणाच्या पायांना असा अनुभव?' आणि पुढे हसणारं तोंड.

अक्का ते ऐकून जवळजवळ हसलीच. अजय तसाच होता, लहानपणापासून थट्टेखोर. यादीवर हे आलं असतं तर चाळीस जणांनी चाळीस हसरी तोंडं पाठवली असती. त्यात एक तिचंही असतं.

"ह्येका तुमी काय लिवलास?" तिने विचारलं.

"लिवलंय, माजेय पाय असेच झाले होते. बोटीर एकदा आग लागली त्येच्यानंतर. दोन वर्सा मी कोणाक सांगाक नाय, हसत रवलंय. मगे एका माणसाक सांगलंय आणि झोप लागाक लागली. तू कोणाक सांगलंस?" गणपतरावांनी टॅबलेट बाजूला ठेवला. "तेचा लांब उत्तर इला. ता मात्र मी तुका वाचून दाखवचंय नाय. ता यादीक न्हय. ता माका लिवलेला आसा."

"नको," अक्का म्हणाली. "ता नकोच."

तिने भावाला वाढवलं, शिकवलं, यादीसुद्धा त्याच्यासाठी काढली, आणि वीस वर्षं त्याची प्रत्येक थट्टा वाचून ती हसली. थोडं वाईट वाटलं. त्या थट्टेमागचं आपल्याला नाही, ह्या अनोळखी माणसाला कळलं, हे टोचलं. मग राधाबाईंनी पुढ्यात चहा ठेवला.

चहा झाल्यावर खरी बोलणी सुरू झाली. पत्ता एकच आणि मागणारे दोघे. अक्काने सांगितलं की गणपतरावांना दुसरा पत्ता देऊ, 'गणपत तांडेल' असा पुरा.

"कित्याक? तांडेल माझा आडनाव आसा. बापाशीचा आसा, आज्याचा आसा. तुमच्या यादीक ता तुमी ठेवलेला नाव."

"काकानू, दोनशे बारा जणांकडे तो पत्तो आसा. तुमच्याकडे लिवणारे किती?"

"बेचाळीस."

"ते आमचेच!"

"आता माझे पण आसत."

पाऊण तास हे चाललं. शेवटी राधाबाईंनी सोललेले वाटाणे आत नेता नेता निकाल दिला. "तेंका नाव नको आसा गो. तेंका पत्रा व्हयी आसत. तू तेंका यादीत घे आणि नाव घेवन जा." गणपतरावांनी बायकोकडे रागाने बघितलं, पण नाही म्हटलं नाही. एक अट मात्र घातली: त्यांनी आतापर्यंत पाठवलेली उत्तरं यादीवर जाणार नाहीत. लोकांची पत्रं सगळ्यांसाठी लिहिलेली होती, ती सगळ्यांना जावीत. त्यांची उत्तरं एकेकाला लिहिलेली होती, ती त्याचीच. अक्काने मान डोलावली.

तिथूनच तिने यज्ञेशला फोन लावला. गणपतरावांच्या पेटीला पुरं नाव मिळालं, त्यांची पत्रं जागच्या जागी राहिली, आणि 'तांडेल' हा पत्ता परत यादीकडे वळला. यज्ञेश पुटपुटत होता की आता सर्व्हर आधी याद्या बघेल, मग पेट्या. अक्काने ओट्यावर बसूनच मोबाइलवरून चाचणी वीस पाठवली. अर्ध्या मिनिटात ती तिच्याकडे परत आली. दुसऱ्या मिनिटाला गणपतरावांचा टॅबलेट वाजला, कारण तेही आता यादीतले दोनशे तेरावे होते.

"मिळाली गो," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी आल्यावर अक्काने ती बेचाळीस पत्रं तारखेच्या क्रमाने यादीच्या सॉफ्टवेअरच्या हवाली केली. यज्ञेशने सुचवून बघितलं होतं की तिच्याविरुद्धची अकरा काढून टाकावीत, कोणाला कळणारही नाही. तिने त्याला विचारलं, "माझ्या नावान शिव्या देणारो कॉल इलो तर मी तो जोडूक नसतो काय?" आणि सगळी बेचाळीस सोडली.

दुसऱ्या दिवशी यादीवर जो गोंधळ उडाला तो दोन दिवस पुरला. चिली, ओमान, डर्बन, सगळीकडे एकाच सकाळी बेचाळीस पत्रं उतरली. कुबलला आपलं हेडमास्तरवालं वाक्य अक्कासकट दोनशे तेरा जणांनी वाचलं हे कळल्यावर त्याने माफीचं पत्र लिहिलं. मग उरलेल्या दहांनी लिहिलं. अक्काने यादीवर एवढंच टाकलं: "सर्व पत्रे पोचली. तक्रारी वाचल्या. कोलंबीचा फोटो एकच, चव हवी तेवढी." मग लोकांनी विचारायला सुरुवात केली की गेले दहा दिवस आपल्याला उत्तरं लिहिणारा तांडेल कोण? यादी की माणूस? त्याला अक्काने उत्तर दिलं नाही. गणपतरावांनीच लिहिलं, एका ओळीत: "माणूस. कुणकेश्वरचो."

एप्रिलमध्ये अजयचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो घरी आला. पहिल्या आठवड्यात तो झोपला आणि जेवला. दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याने शर्मिलाला आणि अक्काला ओट्यावर बसवून शिडीची गोष्ट सांगितली, थट्टा न करता. पुढच्या खेपेला डॉक्टरला भेटल्याशिवाय जायचं नाही असं तिघांनी मिळून ठरवलं. मग तो म्हणाला, मला कुणकेश्वरला जायचंय.

अक्का त्याला घेऊन गेली. अजयने फणसाचे गरे नेले होते आणि मनात बोलायला ढीगभर गोष्टी. पण समोरासमोर बसल्यावर गणपतराव एकदम गप्प. "बरो आसंस मां?" म्हणाले. "बसा" म्हणाले. समुद्राकडे बघत गरे खाल्ले. अजयनेही दोन-तीन वाक्यं जुळवून बघितली, तीही मध्येच राहिली. राधाबाई आणि अक्का आत-बाहेर करत हे दोन पुरुष कधी बोलतात याची वाट बघत होत्या. तास झाला. एसटीची वेळ झाली.

"येतंय, काकानू," अजय उठत म्हणाला. जरा हिरमुसला होता.

"ये," गणपतराव म्हणाले. आणि मग कानामागे खाजवत, "माका तोंडान बोलाक जमणा नाय रे. लिवन धाडतंय."

एसटी मिठबावला थांबली तेव्हा अजयच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने बघितलं आणि खिडकीकडे वळून वाचायला लागला. पत्र लांब असावं, कारण आचरा आलं तरी त्याचं बोट वर सरकतच होतं. अक्काने एकदाही त्याच्या मोबाइलकडे मान वळवली नाही. ती शेजारच्या बाईशी बांगड्याच्या भावाबद्दल बोलत राहिली.